गाडी निवडणारा एक, कर भरणारा दुसरा

ब्रिटनमधल्या एखाद्या रस्त्यावर दोन मोठ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत असे समजा. दोन्ही एकाच कारखान्यातल्या, एकाच बनावटीच्या, एकाच इंजिनाच्या. नोंदणीपत्रावर कार्बन डायऑक्साइडचा जो रकाना असतो त्यात दोन्हींच्या नावापुढे एकच आकडा छापलेला आहे, किलोमीटरला २६० ग्रॅम. फरक आहे तो फक्त पहिल्या नोंदणीच्या तारखेत. एकीवर २२ मार्च २००६ ही तारीख आहे, दुसरीवर २३ मार्च २००६. २०२४-२५ या वर्षासाठी पहिल्या गाडीच्या मालकाला ४१५ पौंड वाहनकर भरावा लागला आणि दुसऱ्या गाडीच्या मालकाला ७३५ पौंड. धूर तेवढाच, वजन तेवढेच, रस्ताही तोच. तरीही एका दिवसाच्या अंतरापायी वर्षाला ३२० पौंडांचा फरक पडतो, आणि तो दरवर्षी पडत राहतो.

या दोन गाड्यांपैकी एकीचाही आजचा मालक तो नाही, ज्याने २००६ साली विक्रेत्याच्या दालनात उभे राहून ती निवडली होती. अठरा-एकोणीस वर्षांत गाडी तीन-चार हात बदलते. निवड ज्याने केली तो केव्हाच पुढची गाडी घेऊन मोकळा झाला आणि त्या निवडीचा दंड मात्र, तिच्याशी काडीचाही संबंध नसलेला माणूस भरतो आहे. उत्सर्जनावर आधारलेल्या वाहनकराविषयी बोलताना मोठ्या गाड्यांच्या मालकांच्या तक्रारींकडे ‘श्रीमंतांची कुरकुर’ म्हणून दुर्लक्ष करण्याची पद्धत आहे. त्यातल्या बऱ्याच तक्रारी मलाही पटत नाहीत. पण ही एक तक्रार खरी आहे, आणि ती नीट समजून घेतली तर हा कर कसा असावा याचे उत्तरही तिच्यातूनच मिळते.

आधी कराच्या तत्त्वाविषयी. लोक ज्याला आजही ‘रोड टॅक्स’ म्हणतात त्या ब्रिटिश कराचे रस्ते-निधीशी असलेले नाते १९३७ सालीच तोडण्यात आले. पुढे कित्येक दशके तो सरकारी तिजोरीत जाणारा एक साधा कर होता. १ मार्च २००१ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या मोटारींना मात्र गाडी किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, या हिशेबाने श्रेणी लावण्यात आल्या. सुरुवातीला श्रेणी थोड्या होत्या आणि सर्वांत खालच्या व सर्वांत वरच्या दरांत फारसे अंतरही नव्हते. मार्च २००६ च्या अर्थसंकल्पात २२५ ग्रॅमच्या वरच्या, २३ मार्चपासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांसाठी ‘जी’ ही वेगळी श्रेणी आली, तिचा दर २१० पौंड ठरला, आणि तेथून पुढे वरच्या पायऱ्या झपाट्याने उंच होत गेल्या.

या तत्त्वाला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो. हे रसायनशास्त्र आहे, त्यात मताचा प्रश्न नाही. किलोमीटरला २६० ग्रॅम सोडणारी पेट्रोलची गाडी १०० किलोमीटरला सव्वाअकरा लिटर इंधन पिते आणि त्यातून होणारे नुकसान तिच्या मालकापुरते मर्यादित राहत नाही. शिवाय प्रश्न थोडक्या गाड्यांचाही उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ साली जगात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या आणि अशी गाडी मध्यम आकाराच्या मोटारीपेक्षा सरासरी २०० ते ३०० किलोंनी जड असते. इंजिने सुधारली, त्यांची इंधनाची भूक कमी झाली. पण त्या सुधारणेचा मोठा वाटा गाड्यांच्या वाढत्या अंगाने गिळून टाकला. ज्या सरकारला हे थांबवायचे आहे त्याने मोठी गाडी महाग करावी यात गैर काही नाही.

म्हणूनच नवी कोरी, भारी गाडी घेणाऱ्याने कर वाढल्याबद्दल गळा काढला तर मला त्यात सहानुभूतीजोगे काही सापडत नाही. अशा गाडीची किंमत पहिल्या तीन वर्षांत जितकी उतरते त्यापुढे वर्षाचा वाहनकर किरकोळ असतो. त्याच्यासमोर लहान गाडीचा पर्याय होता, विजेच्या गाडीचा होता, तीच गाडी कमी ताकदीच्या इंजिनासह घेण्याचाही होता. त्याने तो नाकारला आणि कर भरायचे पत्करले. करामागे अपेक्षित असलेला व्यवहार हाच आहे, तो अन्याय नव्हे.

अडचण येते ती यानंतर. गाडी किलोमीटरला किती ग्रॅम सोडणार, हे तिच्या आयुष्यात एकदाच ठरते आणि तेही ती नवी असताना, कोणी तरी यादीतल्या चार गाड्यांमधून तिच्यावर बोट ठेवतो तेव्हा. तो क्षण सरला की तो आकडा तिच्या कपाळी कायमचा लिहिला जातो. पुढच्या मालकाने कितीही कर भरला तरी २६० चे २०० होणार नाहीत. दरवर्षीचा कर दोनच गोष्टी बदलू शकतो: गाडी कोणाच्या दारात उभी राहते आणि ती किती लवकर भंगारात जाते. ती किती चालवली जाते यावर त्याचा काहीच परिणाम होत नाही, कारण तो वर्षाच्या सुरुवातीला एकदा भरून झाला की प्रत्येक पुढचा किलोमीटर त्या कराच्या दृष्टीने फुकटच असतो.

हे आकड्यांतच पाहू. एका निवृत्त गृहस्थाकडे ती २३ मार्च २००६ ची गाडी आहे आणि तो ती वर्षाला ५,००० किलोमीटर चालवतो. त्याचे वर्षाचे उत्सर्जन झाले १.३ टन. दुसऱ्या एकाकडे त्याच काळातली, किलोमीटरला १५० ग्रॅम सोडणारी आटोपशीर गाडी आहे आणि कामानिमित्त तो वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरतो. त्याचे उत्सर्जन ४.५ टन. २०२४-२५ च्या दरांनी पहिल्याने भरले ७३५ पौंड, दुसऱ्याने २१०. पहिल्याला टनामागे साडेपाचशेहून अधिक पौंड पडले आणि दुसऱ्याला सत्तेचाळीसच्या आसपास, म्हणजे जवळजवळ बारापट फरक. या कराच्या नावात उत्सर्जन आहे, पण प्रत्यक्षात तो उत्सर्जनाच्या शक्यतेवर बसतो. तलवार बाळगल्याबद्दल दंड आणि वार केल्याबद्दल काहीच नाही, असा हा न्याय आहे.

यावर अर्थशास्त्राचा एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे, म्हणून त्याला बगल देणे बरे नाही. तो असा: जड वार्षिक कर असलेली गाडी जुन्या बाजारात स्वस्त मिळते. दुसरा मालक ती घेताना पुढच्या वर्षांचा कर मनात धरूनच भाव पाडून घेतो, म्हणजे त्या कराचा भार शेवटी पहिल्या मालकाच्या पदरात पडतो, त्याची गाडी कमी किमतीला जाते. पहिला खरेदीदार हे ओळखून असला तर तो मोठी गाडी घेतानाच दहा वेळा विचार करील. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या मालकावर अन्याय होतो ही तक्रारच चुकीची आहे, कारण त्याला त्याची भरपाई आधीच मिळालेली असते.

हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो दोन गृहीतांवर उभा आहे. पहिले, पुढचे दर खरेदीच्या वेळी माहीत असतात. दुसरे, खरेदीदार सात-आठ वर्षांपुढचा हिशेब आज मांडतो. दुसरे गृहीत तर सरळ अनुभवाविरुद्ध आहे. नवी गाडी घेणारा मासिक हप्ता पाहतो, फार तर परत करताना काय भाव येईल ते पाहतो. तिसऱ्या मालकाला आठव्या वर्षी किती कर पडेल हे त्याच्या गावीही नसते. आणि पहिले गृहीत खुद्द सरकारेच मोडतात. गाडी घेतल्यानंतर दर वाढवला की ती भरपाईची गोष्टच संपते, कारण त्या दिवशी गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच मालमत्तेचे मोल एका रात्रीत घसरते. त्याने ती घेतली तेव्हा भाव जुन्या दरांवर ठरला होता, आता विकायला जावे तर नव्या दरांवर ठरणार. मधला खड्डा त्याच्या खिशातून भरला जातो.

नेमके हेच २००८ साली घडू घातले होते. त्या वर्षीच्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अलिस्टर डार्लिंग यांनी ‘ए’ ते ‘एम’ अशा तेरा श्रेणी जाहीर केल्या आणि २००१ ते २००६ या काळात नोंदलेल्या मोठ्या गाड्यांना वरच्या दरातून असलेली सूट काढून घेण्याचा बेत मांडला. म्हणजे ज्या गाड्या दोन ते सात वर्षांपूर्वी विकत घेतल्या गेल्या होत्या, ज्यांची निवड आता कोणालाही मागे घेता येणार नव्हती, त्यांच्यावर पूर्वलक्षी प्रभावाने वाढीव कर बसणार होता. सत्ताधारी पक्षातूनही त्याला विरोध झाला. इंधनाचे भाव चढलेले, जुन्या मोठ्या गाड्यांना गिऱ्हाईक नाही, आणि अशा वेळी सरकार त्या गाड्या बाळगणाऱ्यांना सांगत होते की तुम्ही वागणूक सुधारा. ती सुधारायची कशी? गाडी विकली तर ती दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊन तेवढाच धूर सोडणार. नोव्हेंबरात सरकारने वाढीला टप्पे पाडले आणि जुन्या गाड्यांची सूट कायम ठेवली. सुरुवातीला सांगितलेली २२ आणि २३ मार्चची दरी ही त्या तडजोडीचीच खूण आहे. पूर्वलक्षी वाढ टळली हे योग्यच झाले. पण २००६ नंतरच्या गाड्यांवर पुढची वाढ वर्षानुवर्षे होतच राहिली. सर्वांत वरच्या ‘एम’ श्रेणीचा दर २००९ साली ४०५ पौंड होता, २०२४-२५ मध्ये तो ७३५ वर गेला. थोडी थोडी झाली म्हणून ती पूर्वलक्षी वाढ नव्हे असे म्हणता येणार नाही. गाडी तीच राहिली आणि तिच्यावरचा बोजा वाढत गेला.

त्या बोजाखाली आज कोण आहे, हे जरा जवळून पाहायला हवे. सतरा-अठरा वर्षांची मोठी गाडी सुस्थितीतला माणूस सहसा ठेवत नाही. ती घेतो तो, ज्याच्याकडे एकरकमी पैसे कमी आहेत आणि गरज मोठी आहे. सात आसनांची जुनी गाडी नव्या छोट्या गाडीच्या मानाने कितीतरी स्वस्तात मिळते आणि चार मुले, दोन आईबाप एका फेरीत नेता येतात. घेताना स्वस्त, पोसताना महाग, असा हा सापळा आहे. श्रीमंत माणूस वर्षाचा कर एका फटक्यात भरतो. ज्याची ओढाताण आहे तो महिन्याच्या हप्त्यांनी भरतो आणि त्यासाठी ५ टक्के जास्त मोजतो. कराची रक्कम गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहिली तर नव्या भारी गाडीवर ती नगण्य असते आणि जुन्या गाडीवर कधी कधी किमतीच्या चौथाई-तिहाईपर्यंत पोचते.

आणखी एक घर पाहू. म्हाताऱ्या आईला पंच्याहत्तरीत अर्धांगाचा झटका आला, आता ती व्हीलचेअरवर आहे. मुलाने उंच छपराची, मागून रॅम्प उघडणारी जुनी गाडी घेतली. रॅम्प खाली सोडायचा, खुर्ची मागून वर ढकलायची, चारही चाकांना पट्टे आवळायचे, आईच्या छातीवरचा पट्टा दोनदा ओढून पाहायचा, मग पुढे येऊन बसायचे. दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला हे सगळे दोनदा. अशी गाडी आकाराने लहान असूच शकत नाही. ब्रिटनमध्ये अपंगांना वाहनकराची माफी आहे, पण ती ठरावीक भत्त्यांना जोडलेली आहे, आणि निवृत्तीच्या वयानंतर अपंगत्व आलेल्यांना मिळणाऱ्या भत्त्यात हिंडण्या-फिरण्याचा घटकच नसल्यामुळे ती या आईला मिळत नाही. मुलगा वरच्या श्रेणीचा कर भरतो. हा कर त्याला कोणता धडा शिकवतो आहे, याचे उत्तर मला देता येत नाही.

फ्रान्सने या बाबतीत अधिक डोळसपणे विचार केला आहे. तेथे २००८ पासून नवी गाडी घेताना तिच्या उत्सर्जनानुसार एकदाच दंडकर द्यावा लागतो, आणि तीन किंवा त्याहून अधिक मुले असलेल्या कुटुंबासाठी प्रत्येक मुलामागे किलोमीटरला २० ग्रॅम हिशेबातून वजा केले जातात. २०२२ पासून वजनावरही दंडकर आला, १,८०० किलोंच्या वरच्या दर किलोला १० युरो. २०२४ मध्ये ती मर्यादा १,६०० किलोंवर आणण्यात आली. तेथेही मोठ्या कुटुंबाला मुलामागे २०० किलोंची सवलत आहे. कर कठोर असू शकतो आणि तरीही माणसाची गरज आणि त्याची हौस यांत फरक करू शकतो, हे यावरून दिसते. अर्थात गरजेची ही ढाल सगळ्याच मोठ्या गाड्यांना पुढे करता येणार नाही. रस्त्यावरच्या पुष्कळ मोठ्या गाड्यांत एकच माणूस बसलेला असतो आणि मागची आसने रिकामी धावत असतात. म्हणूनच सवलत गाडीला न देता कुटुंबाला द्यायची, ही फ्रेंच पद्धत मला योग्य वाटते.

२०१७ साली ब्रिटनने आपली रचना बदलली. १ एप्रिल २०१७ पासून नोंदलेल्या मोटारींना उत्सर्जनानुसार जड कर पहिल्या वर्षी एकदाच, आणि दुसऱ्या वर्षापासून पेट्रोल-डिझेलच्या सगळ्या गाड्यांना सारखाच १४० पौंड, अशी ती रचना होती. दिशा योग्य होती: ज्याने निवडले त्याने, निवडतानाच भरावे. पण तिची धार बोथट ठेवली गेली. सर्वांत जास्त धूर सोडणाऱ्या गाडीलाही पहिल्या वर्षी २,००० पौंड, आणि महागड्या गाडीच्या किमतीत ते कोठे लपतात ते कळतही नाही. शिवाय ४०,००० पौंडांहून अधिक किमतीच्या गाड्यांवर पाच वर्षे जादा कर लावून उत्सर्जनाच्या करात श्रीमंतीच्या कराची भेसळ केली गेली. श्रीमंतीवर कर लावायचा असेल तर जरूर लावावा, पण तो धुराच्या नावाने लावू नये, कारण मग करदात्याला या कराकडून नेमके काय सांगितले जात आहे ते उमजत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या वर्षाचे हे दर पुष्कळ गाड्यांसाठी दुप्पट झाले आणि किलोमीटरला २५५ ग्रॅमच्या वरच्या गाडीला ५,४९० पौंड पडू लागले. मोठ्या गाड्यांच्या चाहत्यांनी आणि विक्रेत्यांनी यावर नाराजी व्यक्त केली. मी या वाढीच्या बाजूने आहे. ही रक्कम नव्या गाडीच्या किमतीत दिसते, तिच्यावर बोट ठेवण्याच्या क्षणी दिसते, आणि त्या क्षणी माणसाच्या हाती दुसरा पर्याय असतो. हाच कर दहा वर्षांत विभागून दरवर्षी पाचशे-साडेपाचशे पौंडांनी घेतला असता तर पहिल्या मालकाने, तीन वर्षांत गाडी विकून, त्यातला तिसरा हिस्साही भरला नसता.

पण या बदलाने नवी विषमताही जन्माला घातली आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नाही. २०१६ साली नोंदलेली, किलोमीटरला २६० ग्रॅमची गाडी २०२४-२५ मध्ये ७३५ पौंड भरत होती; तेवढाच धूर सोडणारी २०१८ ची गाडी १९० पौंड. नवी आणि बहुधा अधिक महाग गाडी बाळगणाऱ्याला कमी, जुनी बाळगणाऱ्याला जवळजवळ चौपट. २०१६ च्या गाडीच्या पहिल्या मालकाने पहिल्या वर्षी त्या वेळचा जड दर भरलाच होता, म्हणजे निवडीची किंमत वसूल होऊनही वार्षिक दंड चालूच राहिला आहे. एखाद्या धोरणाची दिशा बदलली की मागे राहिलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न सरकारने स्वतःला विचारायला हवा होता.

आता दुसरी बाजू. दरवर्षीचा जड कर काढला तर जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावर अधिक काळ रेंगाळतील, असे म्हटले जाते. काही रेंगाळतीलही. पण कमी चालणारी जुनी गाडी भंगारात घालून तिच्या जागी नवी घडवली तर त्या घडवण्यातही पोलाद, ॲल्युमिनियम आणि वीज खर्च होते, उत्सर्जन होते. आणि मोठ्या गाड्या नेहमी भंगारात जातात असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० साली दाखवून दिले की २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून सुमारे १ कोटी ४० लाख वापरलेली हलकी वाहने बाहेर पाठवली गेली आणि त्यांतली ८० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेली. कराच्या भीतीने एका देशातून हुसकावलेली गाडी दुसऱ्या देशात पंधरा वर्षे धावणार असेल, तर हवेच्या दृष्टीने काय साधले?

जुनी गाडी कमी चालवली जावी, हा हेतू साधायचा तर त्याला इंधनावरच्या करासारखे दुसरे साधन नाही. जो जास्त जाळील तो जास्त भरील. गाडीची श्रेणी, नोंदणीची तारीख, प्रयोगशाळेतला आकडा, यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. ब्रिटनमध्ये हा कर मार्च २०२२ मध्ये लिटरला ५२.९५ पेन्सवर आला. त्या दराने पेट्रोलच्या बाबतीत तो टनाला सुमारे २३० पौंड पडतो, आणि निवृत्त गृहस्थाला व फिरतीच्या नोकरीवाल्याला तो सारखाच पडतो. पण २०११ पासून २०२५ पर्यंत कोणत्याही सरकारने हा कर वाढवला नाही, उलट २०२२ मध्ये ५ पेन्सनी उतरवला. त्याच काळात वार्षिक वाहनकर मात्र चढत राहिला. कारण उघड आहे. इंधनाचा दर प्रत्येक पंपावर मोठ्या अक्षरांत झळकतो आणि सगळ्यांना एकाच वेळी टोचतो. जुन्या मोठ्या गाड्यांचे मालक विखुरलेले असतात, त्यांच्याविषयी कोणाला फारशी आस्था नसते. जो कर योग्य होता तो राजकीय भीतीपोटी गोठवला गेला आणि जो सोयीचा होता तो वाढवला गेला.

ती भीती निराधार नव्हती हेही मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समध्ये पिवळी जाकिटे घातलेले लोक चौकाचौकांत उतरले, त्याची ठिणगी इंधनावरच्या नियोजित करवाढीनेच पडली होती आणि सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. जेथे बस नाही, रेल्वे नाही, दवाखाना तीस किलोमीटरवर आहे, तेथे इंधनावरचा कर ही चैनीवरची नव्हे, जगण्यावरची आकारणी वाटते. म्हणून इंधनावरची वाढ टप्प्याटप्प्याने, आधी जाहीर करून आणि तिचे उत्पन्न वार्षिक वाहनकर कमी करण्यासाठी वापरून झाली पाहिजे, म्हणजे दूरच्या गावातल्या जुन्या गाडीवाल्याला एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काही प्रमाणात परत मिळेल.

ग्रॅमच्या आकड्यावर सगळी भिस्त ठेवण्यातला धोका आयर्लंडने अनुभवला आहे. १ जुलै २००८ पासून तेथे नव्या गाड्यांचा कर इंजिनाच्या आकाराऐवजी कार्बन डायऑक्साइडवर ठरू लागला. डिझेल गाडीला किलोमीटरमागे इंधन कमी लागते, म्हणून तिचा हा आकडा पेट्रोलपेक्षा कमी येतो, त्यामुळे तीन-चार वर्षांत नव्या मोटारींतला डिझेलचा वाटा चौथाईच्या आसपासहून सत्तर टक्क्यांच्या घरात गेला, आणि डिझेलच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांनी शहरांतली हवा बिघडवली ती वेगळीच. त्यातच सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने चाचणीला फसवणारी प्रणाली डिझेल गाड्यांत बसवल्याचे उघड झाले. ज्यांनी सरकारवर विश्वास ठेवून, पर्यावरणासाठी म्हणून डिझेल घेतले होते त्यांच्यापैकी काहींना पुढे डिझेलसाठीच जादा दर भरावे लागले.

विजेच्या गाड्यांच्या बाबतीत ग्रॅमचा आकडा शून्य होतो आणि तेव्हा वजनाचा प्रश्न पुढे येतो. बॅटरीमुळे या गाड्या जड असतात, टायर झिजवतात, जागा व्यापतात आणि पादचाऱ्याला धडकल्या तर हलक्या गाडीपेक्षा अधिक इजा करतात. नॉर्वेने २०२३ पासून विजेच्या गाड्यांनाही नोंदणीच्या वेळी वजनावर कर लावला. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ च्या जनमतानंतर बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचे रस्त्यावरचे पार्किंग तिप्पट महाग झाले, मध्यवर्ती भागात तासाला १८ युरो. त्यात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना १.६ टनांची आणि विजेच्या गाड्यांना २ टनांची मर्यादा आहे. मतदानाला सहा टक्केही लोक आले नव्हते, त्यामुळे त्याला लोकांचा कौल म्हणणे जड जाते, पण तत्त्व बरोबर आहे: जागा व्यापली तेव्हा, व्यापली तेवढ्यापुरते पैसे. ब्रिटननेही नोव्हेंबर २०२५ मध्ये विजेच्या मोटारींना एप्रिल २०२८ पासून मैलाला ३ पेन्स आकारण्याचे जाहीर केले आहे. वापरावर आकारणी करणे विजेच्या गाड्यांना शक्य आहे, तर वीस वर्षांच्या जुन्या गाडीला बाळगण्याचा दंड का चालू ठेवायचा?

करायचे काय, हे यातून पुरेसे स्पष्ट होते. नव्या मोठ्या गाडीवर पहिल्याच नोंदणीला, उत्सर्जन आणि वजन दोन्ही धरून, खरोखर झोंबेल असा कर असावा आणि मोठ्या कुटुंबांना व अपंगांना, मग अपंगत्व कोणत्याही वयात आलेले असो, त्यात सूट असावी. पुढची वर्षे वार्षिक कर सर्वांना माफक आणि सारखा असावा, बाकीची वसुली इंधनातून किंवा अंतरातून व्हावी. आणि २००१ ते २०१७ या काळातल्या ज्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत त्यांच्या वरच्या श्रेणी एका ठरावीक दरावर आणून गोठवाव्यात. या गाड्यांची संख्या दरवर्षी आपोआप घटतेच आहे, त्यामुळे सरकारचे त्यातले नुकसानही दरवर्षी घटत जाईल. तसे झाले नाही तर ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांच्या जुन्या वाहनांना करमाफी देणारा सध्याचा नियम लागू होईपर्यंत, म्हणजे एप्रिल २०४७ पर्यंत, त्या २३ मार्च २००६ च्या गाडीचा जो कोणी मालक असेल तो शेजारच्या गाडीपेक्षा दरवर्षी कित्येकशे पौंड जास्त भरत राहील.